ऑफिसातलं घड्याळ आणि माझी एक चुकीची नोंद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात गच्चीवर केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत. समोर घड्याळ ठेवून बोला, असंही सांगितलं आहे. म्हणून मी घड्याळावरच बोलणार आहे. आपल्या ऑफिसात, नोटीस बोर्डाच्या वर, जे लंबकाचं घड्याळ आहे ना, त्याच्यावर. ते तुम्ही रोज मेंटेनन्सचा चेक देताना बघता. मधल्या सहा महिन्यांत ते भिंतीवर नव्हतं, ते माझ्या डायनिंग टेबलावर होतं. सौ.ने त्या सहा महिन्यांत काय सोसलं त्याबद्दल तिचा वेगळा सत्कार व्हायला हवा.

ज्यांना पूर्वपीठिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही इमारत उभी आहे तिथे वाडा होता. माझा जन्म त्याच वाड्यातला, मागच्या चौकातल्या दोन खोल्यांतला. घड्याळ मालकांच्या दिवाणखान्यात असायचं. आम्हा भाडेकरूंच्या पोरांना आत जायची परवानगी नव्हती, पण ठोके सगळ्या वाड्याला ऐकू यायचे. शाळा, नळाचं पाणी, आजोबांचं औषध, सगळं त्या ठोक्यांवर. 'कोण्या गोऱ्या साहेबाने मालकांच्या पणजोबांना बक्षीस दिलेलं, खास विलायतेहून आलेलं घड्याळ,' हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वाडा पडला, २००० साली सोसायटी रजिस्टर झाली, तेव्हा मालकांच्या घरच्यांनी ते घड्याळ सोसायटीला देऊन टाकलं. पहिला सेक्रेटरी मी होतो. ताबा पावतीवर सही माझीच आहे.

आता मागच्या वर्षाकडे येतो. लिफ्टचं काम निघालं. एस्टिमेट बघून सगळ्यांचे चेहरे उतरले. त्याच सुमारास जुन्या वस्तूंचे एक व्यापारी कुणाच्या तरी ओळखीने ऑफिसात आले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, पंच्याऐंशी हजार देतो. अट एकच. सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून द्या, 'इंग्लिश मेक, लंडन, सन १८५०च्या सुमाराचं.' पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला कागद हवा.

झालं! सोसायटीत दोन तट पडले. जुने भाडेकरू म्हणाले, वाड्याची एवढीच खूण उरली आहे, विकायची नाही. नवे फ्लॅटधारक म्हणाले, खुणेवर बसून चौथ्या मजल्यावर जाता येत नाही. दोन्ही म्हणणी खरीच. माझे गुडघे नव्या फ्लॅटधारकांच्या बाजूला आणि मन जुन्यांच्या. शेवटी अध्यक्ष मला म्हणाले, 'साहेब, तुम्ही बँकेतले. तुमच्या सहीला वजन आहे. दोन ओळी लिहून द्या, मग विकायचं की नाही ते सभा ठरवेल.'

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. न बघितलेल्या मालावर सही करायची नाही, हे पहिल्या वर्षी शिकलो होतो. म्हटलं, लिहून देतो, पण आधी उघडून बघतो.

आपल्या घड्याळाच्या यंत्रावर कारखान्याचं नाव नाही, शिक्का नाही. बिननावाचं आहे. मग अशा यंत्राची ओळख पटवायची कशी? हे मला ज्यांनी शिकवलं ते पेठेतले एक घड्याळजी. ऐंशी ओलांडलेले, डोळ्याला भिंग लावून अजून दुकानात बसतात. त्यांचं पहिलं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. 'साहेब, तबकडी आणि लाकडी पेटी शेवटी बघायची. तबकडी रंगवता येते, पेटी सुतार करून देतो. आधी यंत्राला विचारा.'

तबकडीवरचं नाव पुष्कळदा विकणाऱ्याचं असतं. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये ते प्रसिद्ध घड्याळ आहे, ज्याच्यातला छोटा माणूस बाहेर येऊन घंटा वाजवतो आणि ज्याच्यासमोर लोक खुर्च्या टाकून बसतात. त्याच्यावर नाव आहे कोलकात्याच्या कुक अँड केल्वी या पेढीचं. भाग इंग्लंडहून आणून ते कोलकात्यात जुळवलं असं सांगतात. म्हणजे नाव एका गावचं, यंत्र दुसऱ्या गावचं. कारखाने बिननावाची यंत्रंही घाऊक विकत आणि दुकानदार त्यावर आपलं नाव घाली. यात फसवणूक काही नव्हती, धंद्याची रीत होती.

यंत्र उघडण्याआधीची एक सूचना सांगतो, कारण तुमच्यापैकी काहींच्या घरी आजोबांचं घड्याळ माळ्यावर असेल आणि आज रात्रीच स्क्रू ड्रायव्हर निघेल. चावी भरलेल्या घड्याळाच्या प्लेटा कधीही सैल करू नका. आत दोन पोलादी कमानी असतात, म्हणजे स्प्रिंगा. एक काटे चालवायला, एक ठोके द्यायला. म्हणून तर चावीची भोकं दोन. चावी भरलेली कमान मोकळी सुटली तर बोट तोडू शकते. माझ्या डाव्या अंगठ्यावरची ही खूण बघा, तीन टाके पडले. घड्याळजींनी बजावलं होतं, तरी मला वाटलं चावी उतरलेली आहे. तेव्हा कमानी उतरवून, बांधून घेण्याचं काम जाणकाराकडूनच करून घ्या.

आता यंत्राला विचारायचे प्रश्न.

पहिला प्रश्न, तू इंग्लिश आहेस का? जुन्या चांगल्या इंग्लिश घड्याळात बहुधा एक खास वस्तू सापडते. तिला फ्यूजी म्हणतात. आपला दोरी गुंडाळलेला भोवरा डोळ्यांसमोर आणा. तसाच खाचा असलेला शंकू, आणि त्यावर बारीक साखळी किंवा तात गुंडाळलेली. कमान पूर्ण भरलेली असते तेव्हा जोरात ओढते, उतरत आली की ओढ कमी होते. म्हणून सुरुवातीला साखळी शंकूच्या निमुळत्या टोकाकडून ओढायची आणि शेवटी रुंद बाजूकडून. ओढ बदलली तरी चाकांना जोर सारखा मिळतो. शिवाय इंग्लिश प्लेटा जाड, भरीव. आपल्या घड्याळात फ्यूजी नाही, साखळी नाही, आणि प्लेटा कशा, तर मधून मधून कापून काढलेल्या, जाळीच्या खिडकीसारख्या. म्हणजे १८५०चं लंडन पहिल्याच प्रश्नाला बाद.

मंडळी, त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही. का, ते पुढे सांगतो.

दुसरा प्रश्न, फ्रेंच? एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच टेबलावरच्या घड्याळांच्या प्लेटा सहसा गोल असतात, आणि कमानी पितळी डब्यांत बंद असतात. लंबकाची लांबी कित्येकदा जुन्या फ्रेंच इंचांत आणि रेषांत मागच्या प्लेटवर ठोकलेली असते. आपली प्लेट चौकोनी, कमानी उघड्या. फ्रेंचही बाद.

तिसरा प्रश्न, अमेरिकन? इथे मी अडकलो. कारण लक्षणं सगळी अमेरिकन. उघड्या कमानी, कापलेल्या पातळ प्लेटा. छोटी दातेरी चाकं, ज्यांना पिनियन म्हणतात, तीसुद्धा सलग पोलादातून कोरलेली नाहीत. दोन पितळी चकत्यांमध्ये पोलादी तारा बसवून कंदिलाच्या पिंजऱ्यासारखी केलेली. हे सगळं स्वस्तात, भराभर, पत्रा ठोकून करायचं तंत्र अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातलं. अॅन्सोनिया, सेथ थॉमस, वॉटरबरी ही नावं जुन्या लोकांनी ऐकली असतील.

त्यावरून एक किस्सा, आमच्या व्यवसायाच्या जवळचा. चॉन्सी जेरोम नावाच्या कनेक्टिकटच्या कारखानदाराने १८४२ साली पितळी घड्याळांचा माल इंग्लंडला पाठवला. बीजकावर किंमत इतकी कमी, की तिथल्या कस्टमवाल्यांना संशय आला. जकात चुकवायला किंमत कमी दाखवली असणार! मग कायद्याप्रमाणे त्यांनी बीजकाच्या किमतीत वर थोडी रक्कम घालून सगळा माल स्वतःच घेऊन टाकला. जेरोम खूश! त्याने दुसरा, आणखी मोठा माल पाठवला. तोही त्यांनी घेतला. तिसऱ्या वेळी त्यांच्या लक्षात आलं, की किंमत खरीच आहे. हे जेरोमने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

तर मी घड्याळजींना फोन करून सांगितलं, 'अमेरिकन आहे.' ते म्हणाले, 'अमेरिकन पद्धतीचं आहे. अमेरिकेचं आहे का ते अजून बघायचंय.' आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. स्वस्त अमेरिकन घड्याळांनी जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या जुन्या घड्याळ कारागिरांच्या पोटावर पाय आणला, तेव्हा तिथल्या काही लोकांनी अमेरिकन तंत्रच उचललं. श्राम्बर्ग गावातली युंगहान्स कंपनी १८६१ची. त्याच गावातल्या दुसऱ्या एका कारखान्याच्या तर नावातच 'हॅम्बुर्ग अमेरिकन' होतं. इकडे जपानात किंतारो हातोरी यांनी १८९२ साली सेइकोशा कारखाना काढला, तिथेही सुरुवातीची भिंतीवरची घड्याळं अमेरिकन वळणाचीच. म्हणजे एकाच अक्षराचं वळण तीन देशांत. आणि बँकेत अक्षराच्या वळणावरून सही पास करत नाहीत.

नाव नसलं तरी कारखान्याची निशाणी असू शकते. युंगहान्सचा तारा आणि त्यात जे अक्षर, हॅम्बुर्ग अमेरिकनचे एकमेकांवर ठेवलेले दोन बाण, गुस्ताव बेकरचा नांगर. भिंग लावून मी दोन्ही प्लेटा आतून बाहेरून बघितल्या. काही नाही. फक्त मागच्या प्लेटवर, खालच्या कोपऱ्यात, दोन आकडे ठोकलेले. ३६ आणि १०८.

हे आकडे वाड्यातल्या जुन्या लोकांना माहीत होते बरं का. दुरुस्तीला उघडलं तेव्हा कुणीतरी पाहिले असणार. १०८ म्हणजे जपमाळेचे मणी, म्हणून घड्याळ शुभ, असं मालकीणबाई सांगायच्या. आणि ३६ बद्दल कुणी बोलत नसे, कारण छत्तीसचा आकडा घरात कशाला!

इथे आपल्या बी विंगमधली दहावीतली मुलगी माझ्या मदतीला आली. तिचे बाबा घड्याळ विकायच्या बाजूचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती संध्याकाळी क्लासवरून येताना माझ्याकडे डोकावायची. एके दिवशी मी चाकांचे दाते मोजत बसलो होतो आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं. ती म्हणाली, 'आजोबा, द्या इकडे,' आणि मार्कर पेनने एका दातावर खूण करून तिने मोजायला सुरुवात केली.

आता गणित ऐका, सोपं आहे. मिनिटकाट्याचं चाक तासाला एक फेरा घेतं. त्याला ७२ दाते. ते ८ तारांच्या पिनियनला फिरवतं. ७२ भागिले ८, म्हणजे तासाला ९ फेरे. त्या पिनियनबरोबरच्या चाकालाही ७२ दाते, पुढचं पिनियन परत ८ तारांचं. पुन्हा ९ पट. नऊ नवे ८१ फेरे. हे ८१ फेरे घेणारं शेवटचं चाक, ज्याच्यावर टिकटिक होते, त्याला ४० दाते. एका दाताला दोन ठोके, एक टिक, एक टॉक. तेव्हा ८१ गुणिले ४० गुणिले २. तासाला ६४८० टिकटिक. तिने ६० ने भागलं आणि ओरडली, 'आजोबा, एकशे आठ!'

मिनिटाला १०८ टिकटिक! जपमाळ नाही, काही नाही. कारखान्याने घड्याळजीसाठी लिहून ठेवलेली सूचना ती. लंबक असा लावा की मिनिटाला १०८ ठोके पडतील. मग ३६ म्हणजे काय? तिने फूटपट्टी घेतली आणि लंबक वरच्या टोकापासून खालच्या नटापर्यंत मोजला. ३६ सेंटिमीटर. मी शाळेतलं लंबकाचं सूत्र आठवून पडताळा घेतला. सेकंदाला एक ठोका देणारा लंबक सुमारे ९९ सेंटिमीटरचा असतो. मिनिटाला १०८ ठोके हवे असतील तर लंबकाची हिशेबातली लांबी साडेतीस सेंटिमीटर येते, आणि ती वरच्या टोकापासून गोळ्याच्या साधारण मध्यापर्यंत धरायची. तिथपर्यंत मोजलं, साडेतीसच भरली. गोळ्याचा उरलेला भाग आणि नट धरून ३६. सगळं टॅली झालं! बँकेत रात्री नऊ वाजता कॅश टॅली झाल्यावर जो आनंद व्हायचा, तो मला पंधरा वर्षांनी परत मिळाला.

आणि यातच उत्तर होतं. लंबकाची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि शेजारी मिनिटाचे ठोके, असे दोन आकडे प्लेटवर ठोकायची सवय जर्मन कारखान्यांची. अमेरिकन आणि इंग्लिश माणूस इंचात मोजणार. घड्याळजींनी त्यांच्या कपाटातली बिननावाची दोन जर्मन यंत्रं काढून शेजारी ठेवली. प्लेट कापण्याची तऱ्हा, ठोके मोजणाऱ्या चाकाची जागा, गुंडाळी केलेली घंटेची तार, सगळं भाऊबंदांसारखं. ते म्हणाले, 'आता म्हणा. जर्मन.'

ठोक्यांवरून आठवलं. ठोके मोजणारं चाक म्हणजे कडेला कमी-जास्त अंतरावर खाचा असलेली चकती. बारा तासांत तासांचे ७८ आणि दर अर्ध्या तासाचा एक असे १२, मिळून ९० ठोके ती ओळीने मोजते. काटा कुठे आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून कुणी ठोके पुरे न होऊ देता काटा पुढे ढकलला की चारला अकरा वाजतात. वाड्यातल्या लोकांना हे आठवत असेल. मालकांच्या नातवाने एकदा काटा फिरवला, आणि पुढचे तीन दिवस आम्ही सगळे ठोक्यांतून सात वजा करून वेळ काढत होतो.

राहिला काळ. प्लेटच्या आतल्या बाजूला बारीक टोचणीने कोरलेल्या नोंदी सापडल्या. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की अशी तारीख कोरून ठेवायचे, डॉक्टरांच्या केसपेपरसारखी. सगळ्यात जुनी '८-२७', म्हणजे ऑगस्ट १९२७. आणि एक चक्क मराठीत, 'गुढीपाडवा शके १८५६'. शके १८५६ म्हणजे १९३४ साल. तेव्हा माझे वडील सात वर्षांचे होते आणि त्याच वाड्यात होते. पाडव्याच्या दिवशी घड्याळ दुरुस्त होऊन परत आलं असेल तर ते त्यांनी पाहिलं असेल. १९२७ मध्ये पहिली दुरुस्ती, शिवाय पहिल्या महायुद्धात, १९१४ ते १८, जर्मन माल इकडे येणं बंद होतं. तेव्हा युद्धाआधीची काही वर्षं किंवा युद्धानंतरची लगेचची. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव हिश्श्यातलं हे यंत्र. पेटी शिसवी रंग दिलेल्या सागवानाची, आणि यंत्र बसवायची भोकं एकाच जोडीची. म्हणजे आधीचं यंत्र काढून हे नंतर घातलंय, असं नाही.

आता मला त्या रात्री जेवण का गेलं नाही ते सांगतो.

व्यापाऱ्याचा सगळा भरवसा कशावर होता? तबकडीवर. तबकडीवर बाराच्या आकड्याखाली झोकदार अक्षरांत 'लंडन' लिहिलेलं होतं. तुम्ही सगळ्यांनी पंचवीस वर्षं ते वाचलंय. मुलांना कडेवर घेऊन मीच दाखवलंय, 'बघ, लंडनचं घड्याळ.'

मंडळी, ते लंडन मी लिहवून घेतलं होतं.

२००० साली घड्याळ ताब्यात आलं तेव्हा तबकडी पार काळवंडली होती, आकडे पुसट झाले होते. मी एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला ती दिली. त्याने आकडे छान काढले आणि विचारलं, 'साहेब, मध्ये जुनं काहीतरी लिहिलेलं दिसतंय, वाचता येत नाही, काय लिहू?' आणि मी, बिनदिक्कत, म्हणालो, 'लंडन लिही. विलायती आहे ते.' वाईट हेतू नव्हता. उद्घाटनाला शोभून दिसावं, एवढंच. जुनं काय लिहिलं होतं ते त्या रंगाखाली गेलं. कदाचित दुकानाचं नाव असेल, कदाचित देशाचं. १८८९च्या आपल्याकडच्या मालखुणांच्या कायद्यानंतर परदेशी मालावर देशाचं नाव घालायची रीत वाढली होती. तो पुरावा मी स्वतः पुसला आणि त्या जागी ऐकीव गोष्ट लिहिली. आणि पंचवीस वर्षांनी तीच गोष्ट पुरावा म्हणून माझ्याच समोर आली, खाली सही करा म्हणून.

बँकेत एखाद्या क्लार्कने असं व्हाउचर केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

हे मी आधी कमिटीत सांगितलं, मग विशेष सभेत. सभेत एक सभासद मला चिडून म्हणाले, 'काका, तुम्हाला खोलायला कुणी सांगितलं होतं? दोन ओळी तर लिहायच्या होत्या.' त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या आई व्हीलचेअरवर आहेत, लिफ्ट त्यांना आमच्यापेक्षा जास्त लागते. मी एवढंच म्हणालो, 'दोन ओळी कशाला, २००० साली मी तीनच अक्षरं लिहिली होती. त्याने एवढं झालं.'

व्यापाऱ्यांना आम्ही खरं ते कळवलं. पंच्याऐंशी हजारांचे त्यांनी सहा हजार केले. भाव म्हणून तेही रास्तच असावेत. सहा हजारांना कुणी विकायचा आग्रह धरला नाही आणि घड्याळ राहिलं. पण म्हणून जुने भाडेकरू जिंकले असं मी मानत नाही, कारण ज्या साहेबाच्या बक्षिसाचा त्यांना अभिमान होता ती गोष्टही माझ्यामुळे गेली. आमच्या मजल्यावरच्या एक आजी महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. 'तुला काय रे मिळालं?' म्हणाल्या. आणि लिफ्टचं म्हणाल तर पंच्याऐंशी हजार भागिले अठ्ठावीस फ्लॅट. माझ्या तपासणीपायी प्रत्येकाला ३०३६ रुपये जास्त भरावे लागले. हा आकडा मी विसरलेलो नाही आणि तुम्हीही विसरला नसाल. ज्यांना ते जड गेले त्यांची मी आज सगळ्यांसमोर माफी मागतो. सहीसाठी मात्र मागत नाही.

तबकडीवरचं 'लंडन' त्याच पद्धतीच्या रंगाने बुजवलं आहे. त्या जागी काही लिहिलेलं नाही. पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. त्यावर माझ्या अक्षरात असं लिहिलंय: 'यंत्र जर्मन, बिननावी, विसाव्या शतकाचा पहिला पाव भाग. लंबक ३६ सें.मी., मिनिटाला १०८ ठोके. जुन्या दुरुस्त्या १९२७, १९३४. तबकडी २००० साली नव्याने रंगवली. त्या वेळी लिहिलेला लंडन हा शब्द चुकीचा होता, २०२५ मध्ये काढला.' खाली माझी सही आणि दात मोजणाऱ्या आपल्या बी विंगमधल्या मुलीची सही. पुढे कुणी उघडलं तर त्याला आमच्यापासून सुरुवात करता येईल. आमचं काही चुकलं असेल तर त्याने खाली दुरुस्ती लिहावी, कागदाला जागा ठेवली आहे.

तुमच्या घरी असं घड्याळ असेल तर एवढंच करा. आधी पुसू नका, घासू नका. फोटो काढा. सगळे आकडे, कोरलेल्या नोंदी उतरवून घ्या, त्यांचा अर्थ लागत नसला तरी. घरात सांगितली जाणारी गोष्टही लिहून ठेवा, पण वेगळ्या कागदावर. आणि काही झालं तरी पेंटरला मध्ये काय लिहू ते सांगू नका!

शेवटची विनंती. घड्याळाला आठ दिवसांची चावी लागते. दर रविवारी सकाळी दहाला मी भरतो. भरताना दोन्ही भोकांत सारखी, सावकाश, अडेपर्यंत, जोर न करता. माझं वय पंचाहत्तर झालं, स्टुलावर चढायला सौ. मनाई करते. पुढच्या रविवारपासून ज्या मुलांना शिकायचं असेल त्यांनी दहाला ऑफिसात यावं. एका वेळी दोघं. एकाने चावी भरायची आणि दुसऱ्याने स्टूल धरायचं. बी विंगमधून एकीने नाव दिलंय. ए विंगकडून अजून कुणी दिलेलं नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो.

सेक्रेटरी हात दाखवत आहेत आणि वडेही आले आहेत.